मदत हवी आहे: बायकांचे सामाजिक हक्क, देशादेशांची तुलना कशी करायची?

नमस्कार मंडळी, एमएच्या प्रोजेक्टसाठी दहा देशांचा तक्ता करतेय, कुठे बायकांच्या सामाजिक हक्कांना कायद्याचं किती संरक्षण आहे असा, आणि तीन आठवडे झाले एकाच रकान्यात अडकलेय. सामाजिक म्हणजे मतदान वगैरे नाही हं, लग्न, घटस्फोट, वारसा, मुलांना आपलं नागरिकत्व देता येणं, पासपोर्ट काढून एकटीने परदेशी जाणं, असले हक्क.

आधी वाटलं सोप्पंय, संयुक्त राष्ट्रांचा १९७९ चा सीडॉ करार (बायकांशी होणारा भेदभाव संपवण्यासाठीचा) कुणीकुणी मान्य केलाय ते बघायचं आणि मार्क टाकायचे. सपशेल फसलं. १८९ देश आहेत त्यात, २००० पासून सौदीसुद्धा, आणि अमेरिकेने १९८० ला सही करून ठेवलीय पण मंजुरीचा पत्ताच नाही, म्हणजे माझ्या तक्त्यात सौदी वर आणि अमेरिका खाली! त्यात बरेच देश कलम १६ ला हरकत नोंदवून मोकळे होतात, आणि ते कलम लग्न-कुटुंबाचंच, म्हणजे मला जे मोजायचंय नेमकं तेच वगळून बाकी सगळं मान्य.

मग कायदेच वाचायला घेतले तर गुंता वाढला. ट्युनिशियाने १९५६ लाच बहुपत्नीत्व बंद केलं, पण वारशात मुलीला मुलाच्या निम्माच वाटा. लेबनॉनमध्ये आई तिथली आणि नवरा परदेशी असेल तर मुलांना तिचं नागरिकत्व मिळत नाही. सौदीत २०१९ पासून २१ वर्षांवरची बाई पुरुष पालकाला (वडील, नवरा वगैरे) न विचारता पासपोर्ट काढू शकते, इराणमध्ये मात्र लग्न झालेलीला नवऱ्याची परवानगी लागते. (युरोपचं फार कौतुक नको, फ्रान्समध्ये बायकोच्या नोकरीला नवरा कायद्याने आडकाठी करू शकायचा, ते १९६५ ला गेलं.)

आता ट्युनिशियाला मार्क किती देऊ? सिरी डेटासेटमध्ये (देशोदेशीच्या मानवी हक्कांना मार्क देणारा) ० ते ३ असे मार्क आहेत पण तिथे कायदा आणि अंमलबजावणी एकाच आकड्यात कोंबलीय, मग मधला आकडा दिसला की कायदाच अर्धवट आहे का कायदा चांगला असून कुणी पाळत नाही, कसं कळणार? गाईड म्हणतात एकच आकडा दे, वाचणाऱ्याला बरं पडतं. मला प्रत्येक हक्काचा वेगळा रकाना ठेवावासा वाटतोय, आणि कायदा आणि अंमलबजावणी याचेही दोन.

असं कुणी केलंय का आधी? आणि हरकत नोंदवून केलेली सही, ती अर्धी धरता का शून्य?