मदत हवी आहे: ही बीएसए व्हिक्टर नक्की कुठल्या सालची?

लेस्टरकर
मंडळी, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे, त्यामुळे जरा पटापट सांगा. बीएसए व्हिक्टर, जुनी ब्रिटिश मोटरसायकल, मोटोक्रॉसची (म्हणजे कच्च्या मैदानावरच्या शर्यतीची). विकणारा म्हणतो १९६६ ची ग्रां प्री (जीपी) आहे, मोटोक्रॉसचा विश्वविजेता जेफ स्मिथ चालवायचा त्या जातीची. इंजिन नंबर 'पीजी'ने सुरू होतो. इंजिनाचं तेल फ्रेममध्येच, वेगळी तेलाची टाकी नाही. कागद नाहीत. साल कुठलं, आणि जीपीच आहे ना?

पानेवाला
'पीजी'च्या पुढचं काय खाल्लंत? अख्खा नंबर टाका, मॉडेलच्या अक्षरांसकट. केसवर डाव्या अंगाला, बॅरलच्या बुडाशी असतो. फ्रेम नंबरही हवा, तो हेडस्टॉकवर, म्हणजे हँडल जिथे फिरतं त्या नळीवर बघा.
तोवर एक नक्की: ते इंजिन १९६६ चं नाही. दोन अक्षरांची ही पद्धत बीएसए आणि ट्रायम्फने १९६९ च्या हंगामापासून सुरू केली. पहिलं अक्षर महिन्याचं: ए ते ई म्हणजे जानेवारी ते मे, मग जी जून, एच जुलै, जे ऑगस्ट, के सप्टेंबर, एन ऑक्टोबर, पी नोव्हेंबर, एक्स डिसेंबर. दुसरं सालाचं: सी १९६९, डी १९७०, ई १९७१, जी १९७२, एच १९७३.

किकस्टार्ट
म्हणजे नोव्हेंबर १९७२. झालं काम.

पानेवाला
नाही झालं. साल हंगामाचं असतं आणि हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो. 'पीजी' म्हणजे नोव्हेंबर १९७१. ऑगस्ट ते डिसेंबरच्या अक्षरांना नेहमी एक वर्ष मागे जायचं. निम्मे विक्रेते इथेच चुकतात, उरलेले मुद्दाम चुकतात.

तेलकट हात
एवढी अक्षरं कशाला लावायची? फ्रेममध्ये तेल म्हणजे १९७१ पासूनची. बीएसएने तेव्हाच बहुतेक फ्रेम बदलल्या.

बोल्टनकर
रस्त्यावरच्या गाड्यांना हे चालेल. मोटोक्रॉसला नाही. १९६५ च्या व्हिक्टर जीपीतही तेल फ्रेमच्या नळ्यांतच होतं, रिकमन बंधूंनी बनवलेल्या मेटिस फ्रेममध्येही. नुसत्या तेलावरून काही ठरत नाही. फ्रेमच्या नळ्यांचा रंग कसा आहे आणि जोड कसे दिसतात ते सांगा, मग बोलू.

किकस्टार्ट
प्लग काढा, भोकातून तार सोडा, पिस्टन खाली-वर करून स्ट्रोक, म्हणजे त्याची धाव, मोजा. इंजिन आपोआप ओळखू येतं.

पानेवाला
इथे येत नाही. बी४४, म्हणजे जीपीचं इंजिन, आहे ७९ × ९० मिमी (बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि स्ट्रोक) म्हणजे ४४१ सीसी, बी५० आहे ८४ × ९० म्हणजे ४९९. स्ट्रोक दोघांचा सारखाच. तारेने फार तर बीएसएची छोटी इंजिनं, सी१५, बी२५ आणि बी४०, बाजूला काढता येतील, त्यांचा ७० आहे. बी४४ की बी५० हे हवं असेल तर हेड उतरवून बोअरला व्हर्नियर लावा. विकणारा ते करू देणार नाही, म्हणून शिक्का, म्हणजे केसवर ठोकलेला नंबर, वाचा.

गाडीवान
भारतात आणणार असाल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये.

बोल्टनकर
भारतात आणतो असं ते कुठे म्हणाले? शिवाय ती पन्नाशी पहिल्या नोंदणीपासून मोजतात. मोटोक्रॉसची गाडी रस्त्यावर कधी उतरतच नाही, त्यामुळे बहुतेकींची नोंदणी झालेलीच नसते. कागद नाहीत यात काळंबेरं असेलच असं नाही.

लेस्टरकर
घ्या, नंबरचा शेवट बी५०टी आहे. फ्रेम नंबर सापडत नाही. नळ्या चकचकीत, किंचित पिवळसर झाक. टाकी फायबरची. आता तरी साल सांगा!

पानेवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. बी५०टी म्हणजे व्हिक्टर ट्रेल, दिवे लावून विकली जायची ती. मोटोक्रॉसचं इंजिन असतं तर शेवटी बी५०एमएक्स दिसलं असतं. तेच यंत्र पुढे ट्रायम्फच्या नावाने आलं, त्यावर टीआर५एमएक्स. ४९९ सीसी ट्रेलचं इंजिन ४४१ जीपीच्या भावाने घेऊ नका.

बोल्टनकर
आणि फ्रेम बीएसएची दिसत नाही. पिवळसर झाक निकेलची असते, क्रोम निळसर मारतं. जोडांवर ब्राँझ वेल्डिंगची गुळगुळीत कड दिसली तर रिकमन किंवा त्याची नक्कल. रिकमन बंधू न्यू मिल्टनहून फ्रेमचं किट इंजिनाशिवायही विकत, त्यामुळे फ्रेमचं साल आणि इंजिनाचं साल जुळायलाच हवं असं नाही. मार्क ४ खास बीएसएच्या ४४१ साठी होती. नकला मात्र आजही बनतात, तेव्हा नंबर नसेल तर फ्रेमला 'साल माहीत नाही' हेच साल धरा.
नंबर शोधताना वायर ब्रश, ग्राइंडर लावू नका. रंग असेल तर रिमूव्हरने काढा, टॉर्च आडवा धरा, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. पुन्हा निकेल चढवलं असेल तर शिक्का आत बुजतो, तो घासलेल्या कागदावर उमटतो. हाच कागद आणि फोटो व्हीएमसीसीला (ब्रिटनचा व्हिंटेज मोटर सायकल क्लब) सालाच्या दाखल्यासाठी लागतात. इंजिनाच्या शिक्क्याची जागा आजूबाजूच्या ओतकामापेक्षा गुळगुळीत लागली तर तिथूनच मागे फिरा.

किकस्टार्ट
त्यापेक्षा ग्रीव्हज घ्या, तीही ब्रिटिश मोटोक्रॉसची. पुढची नळीच नाही, तिथे ओतीव अल्युमिनियमचा बीम. लांबून ओळखू येते. डेव्ह बिकर्सने १९६० आणि १९६१ ला २५० ची युरोपियन स्पर्धा त्यावरच जिंकली.

तेलकट हात
ओळखायला सोपी म्हणून कोणी गाडी घेतं का?

लेस्टरकर
ग्रीव्हज नकोय. टाकीत सध्या पेट्रोल आहे, चालवून बघू का?

पानेवाला
कुठलं पेट्रोल ते आधी विचारा. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) आहे आणि इथेनॉल जुन्या फायबरचं रेझिन मऊ करतं. तो चिकटा अमाल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. झाकण उघडून आत बोट फिरवा. चिकट लागलं तर किक मारू नका, टाकी उतरवायला सांगा.