मदत हवी आहे: भेदभावाची सरकारी कबुली कुठे मिळेल?

मेधा_एनजे:
हल्ल्यानंतर अल्पसंख्याकांना जो त्रास झाला तो सरकारने मान्य केल्याचा अधिकृत कागद हवा आहे. ठराव, कलम, काहीही चालेल. पत्राला जोडायचाय, पत्र उद्या द्यायचंय. बातम्यांच्या लिंका नकोत.

सदाशिवपेठी:
कुठला हल्ला? कुठलं सरकार?

बेलापूरकर:
1984 म्हणत असाल तर मनमोहन सिंगांनी ऑगस्ट 2005 मध्ये राज्यसभेत शीख समाजाची आणि देशाची माफी मागितली होती. सभागृहाचे वृत्तांत बघा.

मेधा_एनजे:
अहो, 9/11! शाळेत दर सप्टेंबरला स्मरणाचा कार्यक्रम होतो, पण त्यानंतर लोकांवर काय गुदरलं याबद्दल अवाक्षर नाही. मुलाच्या वर्गातल्या पटका बांधणाऱ्या शीख मुलाला नेमकं त्याच आठवड्यात चिडवतात. आम्ही पालक स्कूल बोर्डाला लिहितोय.

अनिवासी:
हे आधी सांगायचं ना! अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य प्रमिला जयपाल, जूडी चू, इल्हान ओमर, रशीदा तलैब यांचा सप्टेंबर 2021 चा ठराव जोडा. अगदी हाच विषय आहे.

सदाशिवपेठी:
तो मांडलेला ठराव. मंजूर झालेलं द्या, नाहीतर बोर्ड तिथेच अडवेल. पेट्रियट ॲक्ट, म्हणजे हल्ल्यानंतरचा दहशतवादविरोधी कायदा, ऑक्टोबर 2001. कलम 102 मध्ये अरब आणि मुस्लिम अमेरिकनांवरच्या हिंसेचा निषेध आहे, दक्षिण आशियाईंचाही उल्लेख आहे. कलम 1002 खास शिखांबद्दल. बलबीर सिंग सोढी या शीख माणसाची मेसा, ॲरिझोनात 15 सप्टेंबरलाच हत्या झाली होती.

अनिवासी:
काका, तो निषेध लोकांनी केलेल्या हिंसेचा. सरकारने स्वतः काय केलं? 2002 मध्ये एनसीअर्स ही परदेशी नागरिकांच्या सक्तीच्या नोंदणीची योजना आणून 25 देशांच्या पुरुषांना नोंदणीसाठी रांगेत उभं केलं, बहुतेक सगळे मुस्लिमबहुल देश. कबुली म्हणजे 1988 चा कायदा. पर्ल हार्बरनंतर जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना छावण्यांत डांबलं, त्याबद्दल माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर.

सदाशिवपेठी:
ते बरोबर, पण ताईंचं पत्र 9/11 बद्दल आहे.

नवा_भिडू:
एच-1 वर असताना अशा पत्रावर सही केली तर व्हिसाला अडचण येते का?

बेलापूरकर:
वेगळा धागा काढा.

मेधा_एनजे:
102 आणि 1002 जोडते. 1988 चा कायदाही घालते, सरकार चूक मान्य करू शकतं हे बोर्डाला दिसायलाच हवं. एफबीआयचे द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांचे आकडे कोणाकडे आहेत? शिखांचेही हवेत.

सदाशिवपेठी:
मुस्लिमविरोधी घटना 2000 मध्ये 28, 2001 मध्ये 481. शिखांची वेगळी नोंद 2015 पासून सुरू झाली, त्यामुळे 2001 चा आकडा मिळणार नाही. पत्रात तेही लिहा.