मदत हवी आहे: कच्च्या रस्त्यावर नेण्याजोगा कॅम्पर ट्रेलर कसा निवडावा आणि आत काय काय बसवावं?

मंडळी नमस्कार, तंबू ठोकून राहणं भरपूर झालं, आता ऑफरोड कॅम्पर ट्रेलर घ्यायचं जवळपास ठरलंय पण जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय म्हणून हा धागा. आम्ही चौघं, मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना फिरायची हौस आमच्यापेक्षा जास्त आहे, फक्त गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे रात्री उठायचं झालं तर शिडी उतरावी लागू नये ही माझी पहिली अट. गाडी डिझेल फोर बाय फोर, कागदावर 2500 किलो ओढते.

दोन ट्रेलर डोक्यात आहेत. एक कॅनव्हासचा, झाकण मागे उलटलं की त्याचीच कडक फरशी होते, रिकामं वजन 1100 किलो. दुसरा पक्क्या भिंतींचा, छत वर उचललं जातं, पलंग खालीच, आतच बसायला जागा, पण रिकामाच 1750 आणि सामानासकट कमाल 2200. मन दुसऱ्याकडे ओढतंय. विकणारा म्हणतो की 2200 म्हणजे तुमच्या गाडीला काहीच नाही, मोठी टाकी, डबल बॅटरी, मागे बाहेर सरकणारं किचन, सगळं लावून देतो. खरंच काहीच नाही का? आणि बॅटरी, गॅस, धूळ याबद्दलही जरा इस्कटून सांगा, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

पाना-पक्कड:
ताई, पलंग नि किचन राहू द्या, आधी वजनाचा हिशोब करा. 2200 वजा 1750 म्हणजे हातात 450 किलो. 150 लिटर पाणी भरलं की 150 किलो तिथेच गेले, मग गॅसचे सिलेंडर, जादाची बॅटरी, फ्रिज, छत्री, गाद्या, भांडी, चौघांचे कपडे. आणि तो 1750 चा आकडा छत्री (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) नि बॅटरी धरून आहे की कारखान्यातून निघालेल्या उघड्या ट्रेलरचा, हे लेखी विचारा, तोंडी सांगण्यात काही अर्थ नाही.

दुसरं म्हणजे हिचवर, म्हणजे गाडी नि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, पडणारा भार. तो साधारण एकूण वजनाच्या 10 टक्के लागतो, म्हणजे तुमच्या केसमध्ये 220 किलो, आणि हे 220 तुमच्या गाडीच्या मागच्या चाकांवर येतात, गाडीत बसलेली माणसं, सामान, टपावरचं कॅरिअर यांच्यासोबतच मोजले जातात. कागदावरचे 2500 बरोबर असूनही गाडी ओव्हरलोड होते ती इथे. भार कमी ठेवून जड सामान मागे टाकलं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि एकदा लय पकडली की आवरणं अवघड.

बाकी घाईत सांगतो. सस्पेन्शन दोन्ही चाकांना वेगळं हवं, कॉइल स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरसकट. चाकाचे बोल्ट आणि टायरचा साइज गाडीचाच घ्या, स्टेपनी दोघांना चालते. साधा गोळ्याचा हिच खड्ड्यात फार वळत नाही, सगळीकडे फिरणारं कपलिंग लावा. इलेक्ट्रिक ब्रेक, त्याचा कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी, आणि ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लागतील अशी सोय, यात काटकसर नको. प्रत्येक थांब्यावर हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून बघायची सवय ठेवा, एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग बोलतंय. बेअरिंगचा एक सेट आणि ग्रीस सोबत हवंच.

रानभूल:
पाना-पक्कडना अनुमोदन. मी आतलं सांगते.

फ्रिज 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घ्या, उन्हाळ्यात दिवसाला 30-40 अँपिअर-अवर खातो असं धरा. 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी जवळपास पूर्ण वापरता येते, एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) असेल तर निम्मीच धरा, आणि लिथियम वजनालाही निम्म्याहून हलकी, म्हणजे वरच्या हिशोबातही फायदा. गाडीतून चार्जिंग करायचं तर डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारी वीज ट्रेलरच्या बॅटरीला योग्य व्होल्टेजने देणारा) ट्रेलरमध्ये, बॅटरीजवळ बसवा, लांब वायरीत व्होल्टेज पडतं. वायर जाडच हवी आणि फ्यूज बॅटरीला लागूनच. सोलर पॅनल सुटं घ्या असं माझं मत, पॅनल उन्हात ठेवता येतं आणि आपण सावलीत.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला बाहेर उघडणारी भोकं तळाशी हवीत आणि गॅसचा अलार्म फरशीजवळ. कार्बन मोनॉक्साइडचा मात्र वेगळा, तो पलंगाच्या उंचीला. थंडी कितीही असो, शेगडी किंवा कोळसे आत नाहीत म्हणजे नाहीत, ऊब हवी तर धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर.

धूळ मागून येते. चालत्या ट्रेलरच्या पाठीमागे दाब कमी होतो आणि दाराच्या फटीतून धूळ आत ओढली जाते, त्यामुळे छताला पुढच्या बाजूला फिल्टरवाला व्हेंट असेल तर चालताना तो उघडा ठेवा, आतला दाब वाढतो आणि धूळ बाहेर राहते. दगडांसाठी पुढे जाळी लावाल तर तिरकी लावा, सपाट पत्र्यावर आपटलेला दगड उलट आपल्याच गाडीची मागची काच फोडतो. (कॅनव्हास घेतलात तर ओला घडी करून ठेवू नका, बुरशी धरते. पण सासूबाईंचं बघता मी पक्क्या भिंतीच घेईन.)

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार, विकणाऱ्याकडून लेखी वजन मागवलंय, अजून "बघून सांगतो" चालू आहे. दोन शंका. तो पाण्याची टाकी ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे बसवतो म्हणतोय, चालेल? आणि हिचवरचा भार मोजायचा कसा, घरचा काटा तर 150 च्या पुढे जातच नाही.

पाना-पक्कड:
घरचा काटा ठेवा बाजूला, वजनकाट्यावर जा. आधी ट्रेलर सोडवून पूर्ण काट्यावर, चाकांना ठोकळे लावूनच सोडवा. मग गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. दोन्हीतला फरक म्हणजे हिचवरचा भार. टाकी पूर्ण पुढे असेल तर भरलेली असताना भार जास्त आणि पाणी संपलं की एकदम कमी, ते सुद्धा तुमचं किचन मागे असताना, म्हणजे येताना ट्रेलर हलणार. टाकी शक्यतो ॲक्सलच्या वर किंवा अगदी जवळ, नाहीतर दोन छोट्या, एक पुढे एक मागे. आणि मोजमाप भरल्या टाकीनेही करा आणि रिकाम्या टाकीनेही.