‘पर्यंत’साठी इंग्रजीत ‘बाय’ की ‘अंटिल’?

प्रश्न:
इंग्रजीतून कार्यालयीन पत्रव्यवहार करताना माझी एका ठिकाणी हमखास अडचण होते. ‘अहवाल शुक्रवारपर्यंत पाठवा’ आणि ‘मी शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘पर्यंत’च वापरतो, परंतु इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘बाय’ आणि दुसऱ्याला ‘अंटिल’ लागते, असे सांगतात. यामागे काही सूत्र आहे, की प्रत्येक वाक्प्रयोग पाठच करावा लागतो?

प्रतिसाद १:
सूत्र आहे, आणि ते क्रियापदावर अवलंबून आहे. रजेवर असणे, थांबणे, वाट पाहणे या क्रिया त्या वेळेपर्यंत अखंड चालू राहतात, म्हणून तेथे ‘अंटिल’ येते. पाठवणे, पोहोचणे, पैसे भरणे या गोष्टी मुदतीच्या आत केव्हातरी एकदा होऊन संपतात, म्हणून तेथे ‘बाय’. ‘सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे’ असे लिहिल्यास शुक्रवार उजाडेपर्यंत तोच अहवाल पुन्हा पुन्हा पाठवत राहा, असा काहीसा विनोदी अर्थ निघतो.

नकारार्थी वाक्यात मात्र विशेष जपावे. ‘द वर्क वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारची मुदत हुकणार, पुढे काम केव्हा होईल ते सांगितलेले नाही. ‘वोन्ट बी रेडी अंटिल फ्रायडे’ म्हणजे काम शुक्रवारी मिळेल, त्याआधी मागू नका. ग्राहकाला पाठवायच्या निरोपात हा फरक चांगलाच महागात पडू शकतो.

प्रतिसाद २:
वरील विवेचनाशी सहमत आहे. ‘इन’च्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. ‘दोन दिवसांत उत्तर देतो’ असे आपण म्हणतो तेव्हा दोन दिवस ही कमाल मर्यादा असते, पण ‘इन टू डेज’ याचा अर्थ बहुधा ‘दोन दिवसांनी’ असा घेतला जातो. मर्यादाच सांगायची असेल, तर ‘विदिन टू डेज’ लिहावे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा का?

प्रतिसाद १:
सामान्यतः धरतात; वगळायचा असेल, तर ‘बिफोर फ्रायडे’ म्हणावे. तरीही शुक्रवारी सकाळी की संध्याकाळी, हा प्रश्न उरतोच, म्हणून मुदतीच्या पत्रात ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’ अशी वेळच घालणे मला अधिक योग्य वाटते. घड्याळातील वेळेआधी एरवी येणारा ‘ॲट’ येथे गळतो. ‘बाय ॲट फाइव्ह’ अशी जोडी लावू नये.