डाएटिशियन व्हायला मास्टर्सची सक्ती: गरज की नुसता खर्च?

चकवा

अमेरिकेत रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेला बसायचं तर १ जानेवारी २०२४ पासून मास्टर्स सक्तीचं झालंय. त्याआधी पदवी, इंटर्नशिप आणि परीक्षा एवढ्यावर भागायचं. निर्णय २०१३ सालीच झाला होता, मुदत देऊन आता लागू केला. ज्यांची नोंदणी आधी झाली त्यांना काहीच करावं लागत नाही. म्हणजे आज एकाच वॉर्डात दोघी काम करतायत, एकीकडे फक्त पदवी, दुसरीकडे मास्टर्स आणि डोक्यावर कर्ज. काम तेच, अधिकार तेच.

माझी भाची इथेच पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून नियम मुळापासून वाचून काढले. पदवी, मग इंटर्नशिप अशा जुन्या वाटेने जाणाऱ्यांना हे मास्टर्स पोषणशास्त्रातच हवं अशी अट नाही! कुठल्याही विषयातलं चालतं. एमबीए करा, पत्रकारिता करा, परीक्षेला बसू देतात. मग ही अट नेमकं काय मोजते? पत्रकारितेच्या मास्टर्सने ट्यूब फीडिंगचा (नळीवाटे अन्न देण्याचा) हिशोब कसा सुधारतो ते जाणकारांनी समजावून सांगावं.

हा पेशा शिकवतात ते देखरेखीखालचे तास. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था म्हणजे एसेंड. तिच्या निकषांत असे किमान १००० तास लागतात: रुग्णालय, सार्वजनिक आरोग्य, फूड सर्व्हिस वगैरे. आणि हे तास पूर्वी १२०० होते. कागद वाढला, तास घटले.

माझं मत सरळ आहे. सक्ती काढा, तास वाढवा आणि त्या तासांचे विद्यार्थ्याला पैसे द्या. आत्ता उलटं आहे. तो राबतो आणि वर फीही भरतो.

निशिगंध

असहमत. मी अतिदक्षता विभागात हेच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

डाएटिशियन म्हणजे मीठ कमी, साखर बंद असा तक्ता हातात देणारी बाई, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून बोलाल तर पदवीसुद्धा जास्तच वाटेल. २०१४ मध्ये मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नियमांत बदल झाला. राज्याचा कायदा आड येत नसेल तर रुग्णालय आता डाएटिशियनला आहाराच्या ऑर्डर स्वतः लिहायचा अधिकार देऊ शकतं. पूर्वी आम्ही सुचवायचो, डॉक्टर सही करायचे. आता जिथे हा अधिकार दिलाय तिथे ऑर्डर माझ्या नावावर जाते. चूक झाली तर तीही माझ्याच नावावर.

एक उदाहरण देते. बरेच दिवस उपाशी असलेला रुग्ण आला. घरच्यांना वाटतं, भरपूर खायला घाला. तसं एकदम घातलं तर इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. हृदयाची लय बिघडते, माणूस दगावूसुद्धा शकतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. थायमिन (बी१ जीवनसत्त्व) आधी, कॅलरी हळूहळू, रक्ततपासण्या पुन्हा पुन्हा. पुस्तकात हा एक परिच्छेद असतो. पण त्याच रुग्णाची मूत्रपिंडं निकामी असतील, व्हेंटिलेटर चालू असेल आणि गुंगीचं औषध म्हणून प्रोपोफॉल जात असेल, जे मुळात चरबीच्या द्रावणात असतं आणि स्वतःच कॅलरी देतं, तेव्हा परिच्छेद पुरत नाही.

दुसरं, ज्ञान बदलतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी म्हणजे कुपोषण, असं आमच्या आधीच्या पिढीला शिकवलं. आता कळलंय की अल्ब्युमिन मुख्यतः शरीरातला दाह सांगतं, पोषण नाही. आता आम्ही कानशिलाजवळचे, गळ्याच्या हाडाजवळचे स्नायू हाताने चाचपून बघतो. जुनी समजूत का सोडायची हे ठरवायला संशोधन वाचता यावं लागतं, आणि ते मला मास्टर्समध्ये शिकवलं गेलं.

चकवा

निशिगंधताई, प्रतिसाद आवडला, पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. प्रोपोफॉलवरचा रुग्ण तुम्हाला वर्गात भेटला की वॉर्डात? आणि अल्ब्युमिनची समजूत बदलली ती नोकरीत असलेल्या, फक्त पदवी घेतलेल्या हजारो जणींनाही कळलीच ना? दर पाच वर्षांत ७५ युनिटं सततच्या शिक्षणाची भरावी लागतात, ती त्यासाठीच. त्या सगळ्या जणींच्या हाती आज रुग्ण असुरक्षित आहेत असं कोणी म्हणत नाही. म्हणत असतील तर त्यांनाही मास्टर्सला बसवायला हवं होतं. तिथे कोणाची हिंमत झाली नाही.

खडीसाखर

मी रुग्णालयाच्या हिशोबखात्यात आहे. भावना बाजूला ठेवून आकडे.

सरकारी कामगार आकडेवारीत मे २०२३ ला डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट मंडळींचा मध्यम वार्षिक पगार ६९,६८० डॉलर होता. त्याच यादीत रजिस्टर्ड नर्सचा ८६,०७०. आणि नर्स तर दोन वर्षांच्या असोशिएट डिग्रीवरही होता येतं.

मास्टर्स आल्याने पगार वाढेल असं सांगितलं जातं. कुठून वाढेल? पगार वाढतो तो बिल लावता आलं तर. मेडिकेअर २००२ पासून डाएटिशियनच्या उपचाराचे पैसे देतं, पण मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार आणि मूत्रपिंड बदलल्यानंतरचा काही काळ, एवढ्याचेच, तेही डॉक्टरने पाठवलं तर. दर डॉक्टरच्या दरपत्रकाच्या ८५ टक्के. समोरची डाएटिशियन पदवीवाली आहे की पीएचडी, दर एकच. ही यादी वाढवायचं विधेयक इथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, पुन्हा पुन्हा येतं आणि अडकतं. जोर लावायचा तर तिथे लावायला हवा होता. विद्यार्थ्याच्या खिशावर जोर लावणं सोपं पडलं.

वॉर्डात भरती झालेल्या रुग्णाचं तर वेगळं बिलही होत नाही, तो खर्च एकूण पॅकेजमध्ये जातो. माझ्या वहीत डाएटिशियन 'खर्च' या रकान्यात आहे. कटू आहे, पण आहे असं.

निशिगंध

तुमच्या वहीत तो रकाना असेल. कुपोषणाचं निदान नीट नोंदवलं तर रुग्णाची गुंतागुंत वाढलेली दिसते आणि रुग्णालयाला जास्त पैसे मिळू शकतात. ते पैसे कोणाच्या नोंदीमुळे आले ते तुमच्या वहीत कुठे लिहितात? असो.

तळ्यातमळ्यात

दोन्ही बाजू पटतायत, नावाला जागतोय. :)

एकच मुद्दा. स्पीच थेरपीला मास्टर्स लागतं, ऑक्युपेशनल थेरपीला २००७ पासून लागतं, फिजिओथेरपीवाले तर थेट डॉक्टरेटवर गेले. वॉर्डातल्या बैठकीला हे सगळे बसणार आणि एकटी डाएटिशियन पदवीवर, तर तिचं कोण ऐकणार? शिवाय सर्टिफाइड न्यूट्रिशन स्पेशालिस्ट म्हणून दुसरं प्रमाणपत्र आहे, त्यांच्याकडे मास्टर्स आणि १००० तास अशीच अट आहे. डाएटिशियनवाले मागे राहिले असते.

चकवा

म्हणजे शेजाऱ्याने माडी चढवली म्हणून आपणही चढवायची. फिजिओथेरपीवाल्यांची कर्जं किती आणि पगार किती, हे त्यांच्याच मंडळींना विचारा एकदा.

सातासमुद्रापार

मी भारतातून एम.एस्सी. करून इथे आले, तेव्हा वेगळी बाजू. नव्या नियमाने माझ्यासारखीचं काहीही वाढलेलं नाही. माझी पदवी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतली, ती इथल्या मास्टर्सच्या तोडीची ठरली, मास्टर्सची अट तिथेच पूर्ण झाली. अडले ते पुढे. इथल्या अभ्यासक्रमातले न झालेले विषय भरून काढायचे आणि ते झाल्याचं पत्र मिळवायचं. मग इंटर्नशिप. आधी रुग्णालयात केलेली नोकरी त्या तासांत कोणी धरली नाही.

आणि फूड सर्व्हिस! ट्रे किती, वाया किती गेलं, शीतगृहाचं तापमान किती, कामगारांच्या पाळ्या कशा लावायच्या. सुरुवातीला फार राग यायचा, मी काय कॅन्टीन चालवायला आले का म्हणून. परीक्षेत मात्र व्यवस्थापन आणि फूड सर्व्हिस मिळून बराच मोठा भाग असतो आणि आपल्याकडच्या मुली तिथेच आपटतात. १२५ ते १४५ प्रश्न, उत्तर देत जाल तसा संगणक पुढचा प्रश्न निवडतो, मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. ५० पैकी २५ गुण म्हणजे पास, पण ते आपले शाळेतले ५० टक्के नव्हेत, मोजपट्टीच वेगळी आहे.

तेव्हा मास्टर्स हवं की नको यावर भांडताना कुलूप कुठल्या दाराला आहे ते बघा. माझ्या अनुभवात ते इंटर्नशिपच्या दाराला होतं.

बिनचूक

सातासमुद्रापार +१. अवांतर: व्हॉट्सअपवर डिटॉक्स विकणाऱ्याला ना मास्टर्स लागतं ना तास. चालू द्या.

जुना कंदील

गेली बरीच वर्षं प्रिसेप्टर म्हणून मुलं शिकवतोय, म्हणजे इंटर्न माझ्या हाताखाली तास भरतात. या धाग्यावर माझ्यासारख्यांचा उल्लेखच नाही म्हणून लिहितो.

चकवा म्हणतात तास वाढवा. कोणाच्या जिवावर? प्रिसेप्टरला बहुतेक ठिकाणी दमडी मिळत नाही. माझे रुग्ण मला तेवढेच बघायचे असतात, शिवाय मागे एक इंटर्न, तिच्या प्रत्येक नोंदीवर माझी सही, आठवड्याचं मूल्यमापन वेगळं. सुरुवातीला तिच्यामुळे माझं काम हलकं होत नाही, दुप्पट होतं. शेवटच्या आठवड्यांत ती स्वतंत्र सांभाळू लागते तेव्हा कुठे मोकळा श्वास घेतो, आणि तेवढ्यात ती पुढच्या रोटेशनला जाते. म्हणून लोक नाही म्हणतात. तास १२०० चे १००० झाले म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. करोनाकाळात रुग्णालयांची दारं इंटर्नना बंद झाली तेव्हा तात्पुरती सूट देऊन हा आकडा आला आणि पुढे तोच निकष झाला. तेवढ्यासाठीसुद्धा जागा शोधताना कार्यक्रमांची दमछाक होते.

आता मास्टर्सच्या बाजूने, जे इथे अजून कोणी मांडलं नाही. जुन्या पद्धतीत चार वर्षं पदवी करून मुलं इंटर्नशिपला अर्ज करायची, आणि एके काळी साधारण निम्म्यांनाच जागा मिळायची. बाकीच्यांच्या हातात डाएटेटिक्सची पदवी, पण परीक्षेला बसायची सोय नाही. हुशार मुली या फेऱ्यात एकदा, दोनदा अर्ज करून शेवटी दुसऱ्याच धंद्याला लागलेल्या मी पाहिल्यात. नव्या धर्तीच्या बऱ्याच मास्टर्समध्ये अभ्यास आणि तास एकत्रच बांधलेले असतात. प्रवेश मिळाला की तासांची जबाबदारी कार्यक्रमाची. पदवी दुसऱ्या विषयात असेल तरी आवश्यक विज्ञानविषय करून तिथे जाता येतं. मला याच नियमामुळे जीवरसायनशास्त्रातून, अगदी स्वयंपाकी म्हणून काम करून आलेले इंटर्न मिळाले. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. वॉर्डाला त्याचा फायदा होतो.

चकवा

कंदीलकाका, हा मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि मी तो मान्य करतो. पण मग नियम तसा लिहा ना! 'तास बांधलेलं मास्टर्स' अशी अट घाला. 'कुठलंही मास्टर्स' लिहून जुनी वाटही चालू ठेवलीत, म्हणजे कोणी आधी स्वस्तातलं ऑनलाइन मास्टर्स उरकणार, मग पुन्हा इंटर्नशिपच्या रांगेत उभं राहणार. दोन्हीकडे फी.

आणि कर्जाचं बघा. २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत. वरच्या रकमेसाठी खासगी बँक. मास्टर्स सक्तीचं करायचं ठरलं तेव्हा हे चित्र नव्हतं, आता आहे. घरातून पाठबळ नसलेल्या मुलामुलींनी काय करायचं? या पेशात आधीच गोऱ्या बायकांचं प्रचंड बाहुल्य आहे. वेगळ्या समाजातल्या रुग्णांशी त्यांच्या जेवणाबद्दल बोलणारी माणसं हवीत असं सगळेच म्हणतात आणि दाराशी आणखी एक टोलनाका बसवतात.

निशिगंध

कर्जाचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय म्हणजे शिष्यवृत्ती आणि पगारी इंटर्नशिप. शिक्षण कमी करणं हा उपाय नाही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला तुमच्या भाचीच्या कर्जाचं काही नसतं, तिला फॉस्फरसची तपासणी कधी मागवायची हे कळतंय का, एवढंच असतं. आणि 'कुठलंही मास्टर्स' ही पळवाट बंद करा म्हणाल तर पहिली सही माझी.

खडीसाखर

पगारी इंटर्नशिपचे पैसे कुठल्या रकान्यातून येणार? डॉक्टरांच्या रेसिडेन्सीला मेडिकेअर पैसा देतं. डाएटिशियनच्या इंटर्नशिपला तसा आधार आहे का ते आधी बघा, मग शिष्यवृत्त्या वाटा.

जुना कंदील

चकवा, तुमच्या भाचीसाठी एवढंच. कार्यक्रम निवडताना तीन गोष्टी लेखी विचारायला सांगा. तास मास्टर्सच्या आत आहेत की बाहेर? प्रिसेप्टर कार्यक्रम शोधून देतो की विद्यार्थ्याने स्वतः शोधायचे? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा, दूरशिक्षणवाल्या बऱ्याच ठिकाणी विद्यार्थीच दारोदार फिरतो. आणि पहिल्या प्रयत्नापासून वर्षभरात परीक्षा पास होणाऱ्यांचं प्रमाण किती? एसेंडची अपेक्षा किमान ८० टक्क्यांची आहे. आकडा सांगायला जो कार्यक्रम आढेवेढे घेईल तिथे अर्जाची फीही घालवू नका.

चकवा

तिला पाठवतो हे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्या यादीतल्या दोन ठिकाणी 'विद्यार्थ्याने स्वतः' असंच आहे, आत्ताच बघितलं. आणि त्यांची फी सगळ्यात जास्त आहे.