सेल्फ जोरात फिरतो, धूर अजिबात नाही, इंजिन उचलत नाही (जुनी लाकडी बोट)

आंजर्लेकाठ
नमस्कार मंडळी. बोट बाबांची, बत्तीस फुटी, लाकडी. चार सिलेंडरचं इंजिन मूळचं ट्रकचं, बाबांनी १९९८ साली मरीन गिअर लावून बसवलं. त्यांचा गुडघा बदलल्यापासून बोट मी बघतो. पावसाळी मासेमारीबंदी लागायच्या आदल्या दिवशी, ३१ मेला, हर्णैहून आंजर्ल्याच्या खाडीत आणली, शाकारली, आणि दोन महिने इंजिनाला हात लावला नाही. टाकीत तेव्हा अर्धंच डिझेल होतं.

आता बंदी उठून आठ दिवस झाले, बाकीच्या बोटी दोन-दोन फेऱ्या करून आल्या, आमची काठालाच. बॅटरी नवी आहे. मीटरवर १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. इंजिन छान फिरतं, पण सायलेन्सरमधून धुराची रेघही नाही. दोन्ही फिल्टर बदलले. हँडपंप मारून फिल्टरवरची एअर (डिझेलच्या लायनीत अडकलेली हवा) काढली, मग मोठ्या पंपावरची (नोझलना दाबाने डिझेल देतो तो), मग १७ च्या पान्याने नोझलच्या पायपांचे नट सैल करून सेल्फ मारला. डिझेल आलं, इंजिन सुरू झालं, चारेक मिनिटं चाललं, मग आवाज बसत बसत बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सगळीकडे एअर. असं तीनदा झालंय. कुठेही डिझेलचा एक थेंब गळत नाही, फडकं फिरवून पाहिलं.

इथला मिस्त्री म्हणतो मोठा पंप खोलून कॅलिब्रेशनला पाठवा. म्हणजे अजून आठ-दहा दिवस गेले. दोन खलाशी घरी बसून आहेत, त्यांच्यासमोर जायला मला जड जातंय. पंप उतरवण्याआधी काय बघू?

तांडेल_दाभोळ
पहिल्यांदा स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची केबल बघ. पावसात गंजून अडकते, केबिनमधली मूठ आत जाते पण पंपावरची दांडी बंदवरच राहते. ती हाताने फिरवून बघ.

दुसरं, तुझा एक्झॉस्ट पाण्याने थंड होणारा असेल तर सारखा सेल्फ मारताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेव. इंजिन चालत नसलं की सायलेन्सरमधलं पाणी बाहेर फेकायला जोर नसतो, ते साठत जाऊन उलटं सिलेंडरमध्ये शिरतं. आमच्या शेजारच्या बोटीचा कनेक्टिंग रॉड असाच वाकला. इंजिन लागलं की लगेच कॉक उघड, विसरू नकोस.

खाडीवाला
आमच्याकडे काकडा पेटवून हवेच्या तोंडाशी धरतात, थंड इंजिन चटकन लागतं. करून बघा.

पंपवाला_जयगड
काकडा नको. डिझेलच पोचत नाही तिथे आग दाखवून काय होणार? आणि इंजिनखालच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो, लाकडी बोट आहे. कृपा करून कोणी करू नका.

आंजर्लेकाठ, स्टॉपची दांडी अडकली असती तर ते चार मिनिटंसुद्धा चाललं नसतं. मोठा पंपही मला दोषी वाटत नाही. पंप झिजला म्हणून रात्रीतून एअर भरत नाही. तुम्ही गळती शोधताय ती पंपाच्या पुढच्या बाजूला. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लायनीत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फडकं कोरडंच राहणार. टाकी पंपापेक्षा खाली असेल तर इंजिन बंद झाल्यावर डिझेल मागे उतरतं आणि लायनीत हवा भरते.

पैसे न घालवता खात्री करता येते. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्या, तो इंजिनापेक्षा उंच बांधा आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. टाकीची लाईन पूर्ण बाजूला. एअर काढा, सुरू करा. अर्धा तास चाललं तर पंप निर्दोष, दोष टाकीच्या बाजूला. नळीत बुडबुडे दिसले तर फीड पंपाचा जोड किंवा तांब्याचे वॉशर बघा.

नोझलचा नट सैल असताना सेल्फ मारता तेव्हा हाताचं बोट त्याच्या जवळ नेऊ नका. ते डिझेल कातडीच्या आत शिरतं, हात गमावलेली माणसं आहेत.

नाखवीण
अर्धी टाकी पावसाळाभर म्हणजे आत दव धरून पाणी झालंच असणार. आम्ही बोट शाकारताना टाकी काठोकाठ भरतो. तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवा, समजेल.

आंजर्लेकाठ
टाकी खालीच आहे. आज कॅन बांधला. चाळीस मिनिटं एका लयीत चाललं, मीच बंद केलं.

मग टाकीपासूनची रबरी नळी काढली. वरून धडधाकट, पण क्लॅम्प सोडल्यावर त्याच्याखाली गोल चीर निघाली, वाकवली तरच दिसते. डिझेलची नवी नळी, दोन्ही टोकांना नवे क्लॅम्प. नाखवीणताई, बरणीत दोन बोटं पाणी निघालं, आणि पाण्याच्या वर काळपट, शेवाळासारखा थर.

फोनवर बाबांना इंजिनाचा आवाज ऐकवला. म्हणाले, ऑइलचा काटा किती दाखवतो ते सांग. मिस्त्रीलाही बोलावून नळी दाखवली, त्याने हातात घेऊन नीट पाहिली.

आता टाकी कशी साफ करू? उद्या रात्रीच्या भरतीला निघायचंय.

पंपवाला_जयगड
उद्या घाई करू नका. तो थर लाटांत हलला की फिल्टर बाहेर समुद्रात तुंबेल. टाकीचं झाकण उघडून सगळं उपसा, आतून फडक्याने पुसा, पाणी लावू नका. जायचंच असेल तर तो कॅन बांधलेला राहू द्या, फिल्टरचे दोन जोड आणि १७ चा पाना बरोबर घ्या, किनारा दिसेल इतकंच जा.

आंजर्लेकाठ
ऐकतो. उद्या टाकी उपसतो, परवाच्या भरतीला निघू. खलाशांना निरोप धाडला.