मदत हवी आहे: अर्ली ॲक्सेसमधला गेम ठेवू की परत करू?

नमस्कार मंडळी, मुलुंडहून लिहितेय. शनिवारी स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर) शेती-मासेमारीचा एक निवांत ऑनलाइन गेम घेतला, अजून अर्ली ॲक्सेसमध्येच आहे, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला ठेवलेला. बहीण लग्नानंतर नागपूरला असते. रोज तासभर दोघींना एकत्र खेळता यावं एवढाच हेतू. पहिल्याच दिवशी जीव जडला. पावसात कौलांवरून ओघळणारं पाणी, चुलीचा धूर, आणि शेजारच्या अनोळखी खेळाडूने न मागता आणून दिलेलं बियाणं! लढाई नाही, घाई नाही. लोकलच्या गर्दीतून घरी आल्यावर हेच हवं असतं.

अडचण अशी की सर्व्हर युरोपात आहे. पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या खाली येतच नाही, गळ ओढेपर्यंत मासा निसटतो. वायफाय सोडून लॅन केबल लावली, तरी तेच; अंतरच तेवढं आहे. बहीण तर दोनदा मधेच डिस्कनेक्ट झाली.

स्टीमच्या रिफंडसाठी १४ दिवसांच्या आत अर्ज आणि २ तासांपेक्षा कमी खेळ, असा नियम आहे. माझा दीड तास झालाय, म्हणून मी गेम उघडतच नाहीये. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्येसुद्धा मल्टिप्लेअर (एकत्र खेळायची सोय) २०१८ मध्ये, म्हणजे गेम आल्यावर दोन वर्षांनी आलं, तेव्हा धीर धरायची तयारी आहे. पण असे गेम पूर्ण होताना आपली सगळी प्रगती पुसली गेल्याचं कुणी अनुभवलंय का? आणि मुंबई किंवा सिंगापूरचा सर्व्हर मागितल्यावर खरंच मिळालाय का कुणाला?